तरुणांच्या हाती निर्णय सोपवताना: सामाजिक संस्थेसाठी पहिल्या वर्षाची कार्यपद्धती

तरुणांना प्रेरणा देणे हे बहुतेक सामाजिक संस्थांच्या माहितीपत्रकातले पहिले वाक्य असते आणि त्यासाठी योजलेले कार्यक्रमही ठरलेले असतात. तीन दिवसांचे शिबिर, दोन-तीन नामवंत वक्ते, गटचर्चा, शेवटी प्रमाणपत्रे आणि सामूहिक छायाचित्र. समारोपाच्या दिवशी सभागृहात दिसणारा उत्साह खोटा नसतो. मात्र तीन आठवड्यांनी त्याच मुलामुलींना बैठकीला बोलावले की अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहतात आणि संस्थेतील ज्येष्ठ मंडळी हल्लीच्या पिढीच्या धरसोड वृत्तीबद्दल बोलू लागतात. अनेक वर्षे हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, त्या तरुणांना आपण करायला पुष्कळ काम दिलेले असते, पण ठरवायला काहीच दिलेले नसते. पत्रके वाटणे, खुर्च्या मांडणे, पाहुण्यांचे स्वागत करणे यासाठी लागणारा उत्साह तीन आठवडेच पुरतो. आपण घेतलेल्या निर्णयाचे पुढे काय झाले हे पाहायला मात्र माणूस भर पावसातही येतो.

म्हणून या लेखातील सर्व पायऱ्या निर्णय सोपवण्याभोवती रचलेल्या आहेत. दोन-तीन पूर्णवेळ कार्यकर्ते, एक परिसर आणि साधारण एक वर्षाचा अवधी हाताशी असलेली छोटी संस्था डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. मोठ्या संस्थांनाही तो उपयोगी पडावा, फक्त त्यांनी एकदम दहा ठिकाणी काम सुरू करण्याचा मोह आवरावा.

पहिली पायरी: परिसर आणि वयोगट ठरवणे

परिसर इतका लहान असावा की कोणत्याही टोकापासून बैठकीच्या जागेपर्यंत पायी येता यावे. बैठकीला यायला वाहन लागू लागले की ज्यांच्याकडे वाहन नाही ती मुले, आणि त्यातही ज्यांना अंधार पडायच्या आत घरी परतायचे असते त्या मुली, काही न बोलता गळतात.

वयाबाबत एकच एक मान्य व्याख्या नाही. संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी १५ ते २४ वर्षांच्या व्यक्तींना तरुण मानतो, राष्ट्रकुल संघटना १५ ते २९ हा गट धरते, आफ्रिकी संघाच्या युवा सनदेत ही मर्यादा ३५ पर्यंत जाते, तर तरुण, शांतता आणि सुरक्षा या विषयावर सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१५ मध्ये केलेल्या २२५० क्रमांकाच्या ठरावात १८ ते २९ हे वय आहे. आपल्या कामासाठी यातील कोणतीही व्याख्या चालेल, पण चौदा वर्षांची मुलगी आणि अठ्ठावीस वर्षांचा नोकरदार यांना एकाच गटात बसवू नये. तसे केल्यास नोकरदार बोलतो आणि मुलगी ऐकते. सहा-सात वर्षांचे अंतर एका गटात सांभाळता येते, त्याहून अधिक असल्यास दोन गट करावेत.

दुसरी पायरी: आधी ऐकणे

कोणताही कार्यक्रम जाहीर करण्यापूर्वी किमान दोन महिने केवळ भेटींसाठी राखून ठेवावेत. दोन कार्यकर्त्यांनी आठवड्याला प्रत्येकी तीन भेटी घेतल्या तरी आठ आठवड्यांत अठ्ठेचाळीस माणसे होतात आणि एका लहान परिसरासाठी तेवढी पुरेशी आहेत. भेट एका वेळी एकाच व्यक्तीची, अर्ध्या ते पाऊण तासाची आणि शक्यतो त्या व्यक्तीच्या सोयीच्या जागी व्हावी. प्रश्नावली पुढे ठेवून रकाने भरत बसू नये, कारण कागद दिसला की माणूस सावध उत्तरे देतो. टिपणे भेट संपल्यावर, त्याच दिवशी लिहावीत. दुसऱ्या दिवसापर्यंत बोलणाऱ्याचे मूळ शब्द विसरलेले असतात आणि कार्यकर्त्याचे स्वतःचे शब्द त्यांच्या जागी आलेले असतात.

विचारायचे प्रश्न मोजकेच असावेत. ‘तुमच्या परिसरातील समस्या कोणत्या?’ हा प्रश्न मी विचारणे सोडून दिले आहे, कारण त्याला मिळणारी उत्तरे वर्तमानपत्रात वाचलेली असतात. त्याऐवजी ‘गेल्या महिन्याभरात इथे राहताना कशाचा राग आला?’ असे विचारले की माणूस स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग सांगतो. दुसरा प्रश्न ‘अडचण आली की तुम्ही पहिल्यांदा कोणाकडे जाता?’ हा. या प्रश्नाची उत्तरे एका वेगळ्या वहीत लिहीत गेलात तर दोन महिन्यांनी काही नावे पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. ज्यांना आपण स्थानिक नेतृत्व म्हणतो ते लोक बहुधा याच यादीत असतात, आणि त्यांच्यातील अनेकांकडे कोणतेही पद नसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यातील जॉन्स आयलंड या बेटावर घडले. मतदार म्हणून नोंदणी करण्यासाठी वाचता-लिहिता येण्याची अट घालून कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवले जात असे. सेप्टिमा क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये प्रौढांसाठी तेथे पहिली ‘नागरिकत्व शाळा’ सुरू केली, तेव्हा शिकवायला शिक्षक न नेमता बर्निस रॉबिन्सन यांना निवडले. रॉबिन्सन केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या होत्या. शिक्षणशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, पण प्रौढ माणसाला लाज वाटू न देता त्याच्याशी बोलण्याची हातोटी होती. पहिल्या दिवशी त्यांनी जमलेल्यांना काय शिकायचे आहे ते विचारले आणि स्वतःचे नाव लिहिणे, मनीऑर्डरचा कागद भरणे अशा ज्या गोष्टी त्यांनी सांगितल्या त्यांपासूनच वर्ग सुरू झाला. पुढे या शाळा दक्षिणेतील अनेक राज्यांत पसरल्या. कोण शिकवणार आणि काय शिकवले जाणार या दोन्ही गोष्टी ऐकण्यातून ठरल्या होत्या, ही बाब आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तिसरी पायरी: गट बांधणे

बारा ते पंधरा जणांचा गट पुरेसा असतो. निवड करताना वक्तृत्व स्पर्धा जिंकणाऱ्यांना आपोआप पहिली पसंती मिळते, आणि येथे थोडे सावध राहावे. चांगले बोलणारी मुले गटात हवीतच, पण चौदाच्या चौदा जण तशीच असतील तर बैठका रंगतील आणि कामे अडून राहतील. ज्यांच्या सांगण्यावरून इतर चार जण येतात, जे दिलेली वेळ पाळतात, ज्यांना एखाद्या गोष्टीचा मनापासून राग आहे, अशी मुले शोधावीत. शाळा-कॉलेज सोडलेली, कामावर जाणारी आणि अपंगत्व असलेली मुले गटात आहेत का हे नावे निश्चित करण्यापूर्वी एकदा तपासावे, कारण गट जमल्यानंतर त्यांना ‘सामावून घेणे’ फार अवघड जाते.

प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावी. फुकट राबण्याची ऐपत ज्यांच्याकडे असते त्यांनाच स्वयंसेवक होता येते, हे आपल्या क्षेत्रात फारसे बोलले जात नाही.

चौथी पायरी: स्थानिक नेत्यांना बांधून घेणे

तरुणांचा गट तयार झाला, त्यांनी मेहनतीने मागण्या मांडल्या आणि समोर ऐकायलाच कोणी नव्हते, असे होता कामा नये. उत्तर आयर्लंडमधील क्वीन्स युनिव्हर्सिटीच्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये या बाबतीत एक उपयुक्त मांडणी केली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालहक्क संहितेचे १२ वे कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला वय व समज यांनुसार योग्य महत्त्व मिळण्याचा हक्क देते. ही संहिता १९८९ मध्ये स्वीकारली गेली. लंडी यांच्या मते या हक्काला चार गोष्टी लागतात: मत बनवायला सुरक्षित जागा, ते मांडायला मदत, ऐकून घेण्याची जबाबदारी असलेला श्रोता आणि निर्णयावर त्या मताचा प्रत्यक्ष परिणाम. आपल्या संस्था पहिल्या दोन गोष्टींवर सगळी शक्ती खर्च करतात. शिबिर म्हणजे जागा आणि मंच म्हणजे आवाज, एवढ्यावर समाधान मानले जाते. श्रोता आणि परिणाम या बाजूंना कोणी हातच घालत नाही.

म्हणून गटाची पहिली बैठक होण्यापूर्वी भेटींमधून पुढे आलेल्या पाच-सहा स्थानिक नेत्यांना, तसेच पदावर असलेल्या लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना, स्वतंत्रपणे भेटावे आणि त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. पहिली, वर्षातून दोनदा ठरलेल्या तारखेला ते तरुणांच्या गटाला किमान एक तास देतील. दुसरी, गटाने मांडलेल्या प्रत्येक मागणीला ते तीस दिवसांच्या आत लेखी उत्तर देतील. तिसरी, उत्तर नकारार्थी असल्यास त्याचे कारण लिहितील. यातील तिसरी अट सर्वांत मोलाची आहे. कारणासह आलेल्या नकारातून तरुणांना प्रशासन कसे चालते हे जेवढे समजते, तेवढे ‘प्रयत्न करू’ या आश्वासनातून कधीच समजत नाही.

काही नेते लेखी द्यायला कचरतात. त्यांच्याशी वाद घालू नये. बैठकीनंतर आपणच त्यांना पत्र लिहून ‘आपण असे मान्य केले’ हे नम्रपणे कळवावे आणि पत्राची पोच घ्यावी. काही जणांना तरुणांचा गट म्हणजे स्वतःच्या प्रसिद्धीची आयती सोय वाटते. अशांसाठी छायाचित्रे, फलक आणि हारतुरे यांचे नियम आधीच सांगून ठेवणे बरे.

पाचवी पायरी: निर्णयाची कक्षा लिहून देणे

संपूर्ण वर्षाचा डोलारा या एका कागदावर उभा असतो, त्यामुळे तो सावकाश आणि संस्थेच्या विश्वस्तांना सोबत घेऊन तयार करावा. गट कोणत्या बाबी स्वतः ठरवेल, कोणत्या बाबींत संस्थेशी मिळून ठरवेल आणि कोणत्या बाबी संस्थाच ठरवेल, याची स्पष्ट नोंद त्यात असते. कोणता प्रश्न हाती घ्यायचा, कोणाला भेटायचे, ठरलेल्या रकमेचा विनियोग कसा करायचा, बैठक कधी आणि कुठे घ्यायची, या बाबी पहिल्या रकान्यात याव्यात. नवा कार्यकर्ता नेमताना मुलाखत मंडळात गटाचा एक प्रतिनिधी असणे, वार्षिक अहवालातील त्यांच्यावरचा मजकूर त्यांनी वाचून मान्य करणे, या बाबी दुसऱ्या रकान्यात येतील. बालसुरक्षा, कायदेशीर जबाबदाऱ्या आणि हिशेब तपासणी या संस्थेकडेच राहतील, आणि त्या का राहतील हे तरुणांना सरळ सांगावे. मर्यादा आधी सांगितल्या तर तरुण त्या समजून घेतात. मर्यादा नंतर उगवल्या की त्यांना फसवणूक वाटते, आणि ती असतेही.

सहभागाच्या पायऱ्यांचा विचार करताना रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी अजूनही उपयोगी पडते. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते सामील करणे यांना, हार्ट सहभाग मानतच नाहीत. सर्वांत वरची पायरी कोणती असावी, याचा अंदाज बहुतेक जण चुकवतात. मुलांनी सर्व काही एकट्याने करणे ही सातवी पायरी आहे. मुलांनी पुढाकार घेऊन मोठ्यांसोबत निर्णय घेणे ही आठवी. तेव्हा निर्णय सोपवणे म्हणजे अंग काढून घेणे असा अर्थ होत नाही.

पैशांबाबत मात्र हात आखडता घेऊ नये. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण ती पूर्णपणे गटाच्या ताब्यात असावी. पोर्तो अलेग्रे या ब्राझीलमधील शहरात १९८९ मध्ये नागरिकांनी अंदाजपत्रकातील खर्चाचा क्रम ठरवण्याची पद्धत सुरू झाली आणि तेथून ती जगभर गेली. अमेरिकेतील बॉस्टन शहराने २०१४ मध्ये हीच पद्धत केवळ तरुणांसाठी वापरली. शहराच्या भांडवली निधीतील दहा लाख डॉलर कशावर खर्च करायचे हे १२ ते २५ वर्षांच्या मुलामुलींनी प्रस्ताव तयार करून आणि मतदान घेऊन ठरवले. शहराला जे जमले ते संस्थेला तिच्या ऐपतीप्रमाणे नक्कीच जमेल.

येथे एक कबुली द्यायला हवी. मी पूर्वी ज्या संस्थेत होतो तेथे गटाला असाच एक छोटा निधी दिला होता. तीन बैठका वाद घालून तेरा जणांनी ठरवले की बसथांब्यापाशी म्हाताऱ्या माणसांना टेकायला बाक करायचे. आमच्या एका विश्वस्तांना ही कल्पना फारच किरकोळ वाटली आणि त्यांनी ती रक्कम वाचनकोपऱ्यासाठी वळवली. मी विरोध केला नाही, कारण वाचनकोपरा वाईट होता असे नाही. पुढच्या बैठकीला चार जण आले. त्यातील एकाने जाताना विचारले की आधीच सांगितले असते तर आम्ही तीन रविवार कशाला घालवले असते. त्यानंतर तो गट पुन्हा उभा राहिला नाही. तेव्हापासून कक्षेच्या कागदावर विश्वस्तांच्या सह्या झाल्याशिवाय मी गट बोलावत नाही.

सहावी पायरी: समस्येतून प्रश्न काढणे

तरुण पहिल्या बैठकीत मोठी समस्या मांडतात. असुरक्षितता, बेरोजगारी, व्यसने, प्रदूषण. यातील प्रत्येक समस्या खरी असते आणि एका वर्षात सुटणारी नसते. कार्यकर्त्याचे काम असे की समस्येच्या पोटातून असा एक प्रश्न काढायला मदत करावी, ज्याचे उत्तर देणारा माणूस ठाऊक आहे, ज्याला मुदत घालता येते आणि जो सुटल्यास परिसरातील लोकांना डोळ्यांनी दिसतो. ‘रात्री बाहेर पडायला भीती वाटते’ ही समस्या आहे. ‘ग्रंथालयापासून बसथांब्यापर्यंतच्या रस्त्यावरचे बंद दिवे दोन महिन्यांत सुरू व्हावेत’ हा प्रश्न आहे.

प्रश्न निवडताना मतदान घाईने घेऊ नये. आधी प्रत्येक सुचवलेल्या प्रश्नाबाबत गटातील दोघांनी परिसरात जाऊन दहा-दहा माणसांना विचारून यावे. मग बैठकीत चर्चा करावी आणि शेवटी गुप्त मतदान घ्यावे, कारण हात वर करून मत देताना धाकटी मुले थोरल्यांकडे पाहतात.

सातवी पायरी: स्वतः मोजणे

निवेदन देण्यापूर्वी गटाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून नोंदी कराव्यात. दिव्यांच्याच उदाहरणातील एक प्रसंग सांगतो. आम्ही मुलांना एक छापील तक्ता दिला होता: खांबाचा क्रमांक, वेळ, दिवा चालू की बंद. दोन-दोन जणांच्या जोड्या करून संध्याकाळी सात ते आठ या वेळेत फिरायचे असे ठरले होते. परत आल्यावर एका मुलीच्या कागदावर तिने पेनाने आणखी एक रकाना आखलेला दिसला आणि त्यात पाच खांबांपुढे तिने लिहिले होते, ‘लागतो, पण झाडामुळे खाली उजेड नाही.’ आमच्या तक्त्यात त्या खांबांसमोर ‘चालू’ अशीच नोंद झाली असती. शिवाय फांद्या छाटण्याचे काम दिव्यांच्या विभागाकडे नव्हतेच, ते उद्यान विभागाकडे होते. म्हणजे अर्जही वेगळा, अधिकारीही वेगळा. तक्ता तरुणांनीच तयार करावा, हे मी त्या दिवसापासून कटाक्षाने पाळतो.

नोंदी दोन वेगवेगळ्या दिवशी कराव्यात, कारण एका रात्री बंद असलेला दिवा हा केवळ त्या दिवसाचा बिघाड असू शकतो. छायाचित्रांवर तारीख व वेळ असावी. जेथे अंदाज आहे तेथे ‘अंदाजे’ असे लिहावे. अधिकाऱ्याने एक नोंद चुकीची ठरवली तर उरलेल्या सगळ्या नोंदींवरचा विश्वास उडतो, हे मुलांना एकदा समजावून सांगितले की ती मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोर होतात.

आठवी पायरी: कोणाच्या हातात काय आहे हे शोधणे

एका मोठ्या कागदावर दोन रेषा आखाव्यात. उभ्या रेषेवर त्या व्यक्तीचा निर्णयावरील प्रभाव आणि आडव्या रेषेवर तिची आपल्या मागणीबाबतची अनुकूलता. मग परिसरातील प्रत्येक संबंधित व्यक्तीचे नाव चिठ्ठीवर लिहून त्या कागदावर योग्य जागी लावावे. या वेळी स्थानिक नेत्यांपैकी दोघांना जरूर बोलवावे, कारण सही कोणाची लागते आणि शब्द कोणाचा चालतो यातला फरक त्यांनाच माहीत असतो. चिठ्ठी कुठे लावायची यावरून होणारे वाद थांबवू नयेत; शिकणे तेथेच होते. शेवटी अनुकूल पण प्रभाव कमी असलेली माणसे कोणती आणि ती एकत्र आली तर कोणाला ऐकावे लागेल, हा प्रश्न गटापुढे ठेवावा.

नववी पायरी: भेटीची तयारी आणि भेट

अधिकाऱ्याची किंवा लोकप्रतिनिधीची भेट बहुधा पंधरा-वीस मिनिटांची मिळते. तिची किमान दोनदा रंगीत तालीम करावी आणि तालमीत अधिकाऱ्याची भूमिका गटातील सर्वांत खोडकर मुलाला द्यावी. चार जणांनी बोलायचे: एकाने ओळख व विषय, दुसऱ्याने स्वतःचा अनुभव, तिसऱ्याने नोंदी, चौथ्याने मागणी. पाचव्याने काहीही न बोलता सर्व लिहून घ्यायचे. संस्थेच्या कार्यकर्त्याने मागे बसावे. अधिकाऱ्याची नजर सवयीने त्याच्याकडेच वळते, अशा वेळी त्याने आपल्या वहीकडे पाहावे.

‘अर्ज ठेवून जा, बघतो’ हे उत्तर येणार हे गृहीत धरावे. त्यावर चौथ्याने विचारायचे असते, ‘कोणत्या तारखेपर्यंत कळवाल?’ आणि विचारल्यानंतर गप्प बसायचे असते. तालमीत सर्वांत अवघड जातो तो हाच भाग. काही क्षण शांततेत गेले की मुले अस्वस्थ होऊन स्वतःच ‘म्हणजे तुमच्या सोयीने’ असे म्हणून मोकळी होतात आणि हातात आलेली तारीख निसटते. शांतता सहन करण्याचा सराव हसत-खेळत, पण अनेकदा करून घ्यावा. भेटीच्या दुसऱ्याच दिवशी ठरलेल्या गोष्टींचे पत्र पाठवून पोच घ्यावी. नाहीतर पुढे विषयाचे भिजत घोंगडे पडते.

दहावी पायरी: आढावा

काम यशस्वी झाले तरी आणि फसले तरी आढावा त्याच दिवशी, घरी जाण्यापूर्वी घ्यावा. काय ठरले होते, काय झाले, का झाले आणि पुढच्या वेळी काय वेगळे करायचे, एवढ्या चार प्रश्नांवर अर्धा तास पुरतो. कार्यकर्त्याने सर्वांत शेवटी बोलावे. त्याने आधी मत दिले की उरलेला वेळ त्या मताला दुजोरा देण्यात जातो.

सुरक्षितता

अठरा वर्षांखालील प्रत्येक सदस्यासाठी पालकांची आणि स्वतः त्या मुलाची लेखी संमती असावी. बंद खोलीत एका प्रौढाने एका मुलासोबत एकटे बसू नये, खाजगी संदेश पाठवू नयेत, प्रवासात किमान दोन प्रौढ असावेत. दुसऱ्या पायरीतल्या भेटींमध्ये अल्पवयीन मुले असतील तर त्या उघड्या, वर्दळीच्या जागीच घ्याव्यात. तक्रार ऐकणारी व्यक्ती संस्थेच्या रोजच्या कामात नसलेली असावी, कारण ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याच हाताखालच्या माणसाकडे कोणी तक्रार घेऊन जात नाही. छायाचित्रासाठी दिलेली संमती नंतर मागे घेण्याची मुभा असावी.

आणखी एक धोका असतो. तरुण प्रश्न विचारू लागले की कोणाच्या तरी हितसंबंधांना धक्का लागतो आणि त्याचा राग मुलांवर किंवा त्यांच्या घरच्यांवर निघू शकतो. प्रश्न निवडतानाच ‘यामुळे कोण दुखावेल आणि ते काय करू शकतात?’ अशी चर्चा करावी. धोका मोठा असेल तर निवेदनावर संस्थेने आणि स्थानिक ज्येष्ठांनी सह्या कराव्यात, मुलांची नावे पुढे करू नयेत. निवडणुकीच्या काळात गटाचे जाहीर कार्यक्रम टाळणेच शहाणपणाचे, नाहीतर गट कोणाचा यावरच चर्चा रंगते.

देणगीदार आणि मोजमाप

देणगीदाराला बहुधा किती तरुणांपर्यंत पोहोचलात याचा आकडा हवा असतो. तो द्यावा, पण त्यासोबत दुसरे आकडेही द्यावेत: गटाने किती निर्णय घेतले, त्यांतील किती अमलात आले, नेत्यांनी किती मागण्यांना मुदतीत लेखी उत्तर दिले, जुन्या सदस्यांनी किती नवे सदस्य आणले, किती बैठकांचे अध्यक्षपद सदस्यांनी भूषवले. यातील प्रत्येक आकडा इतिवृत्ताच्या वहीतून काढता येतो, त्यासाठी वेगळे सर्वेक्षण लागत नाही. करार करताना प्रश्न कोणता घेतला जाईल हे आधी लिहून देण्याचा आग्रह झाला, तर विषयाऐवजी प्रक्रिया लिहून द्यावी. एखादा देणगीदार ते मान्य करणार नाही. अशा वेळी ती देणगी सोडलेली बरी असे मला वाटते, जरी हे सांगणे पगाराची तारीख जवळ आलेली असताना सोपे नसते.

अकरावी पायरी: मागे सरकणे

फेब्रुवारी १९६० मध्ये अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात बसून आंदोलन सुरू केले आणि ते झपाट्याने पसरले. एप्रिलमध्ये रॅले येथील शॉ विद्यापीठात एला बेकर यांनी या विद्यार्थ्यांची परिषद भरवली. बेकर त्या वेळी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचा कारभार पाहत होत्या. विद्यार्थ्यांनी आपल्या संघटनेची युवा शाखा व्हावे, असे तेथील ज्येष्ठांपैकी अनेकांना वाटत होते. बेकर यांनी मात्र विद्यार्थ्यांनी स्वतंत्र राहावे ही भूमिका घेतली आणि त्यातून विद्यार्थ्यांची स्वतःची समन्वय समिती उभी राहिली. आपण उभा केलेला गट आपल्या नावाशिवाय चालू लागलेला पाहणे संस्थांना जड जाते, कारण अहवालात लिहायला नाव लागते. तरीही हा टप्पा पहिल्याच वर्षाच्या वेळापत्रकात तारखेसह लिहावा.

दहाव्या महिन्यापासून बैठकीची कार्यक्रमपत्रिका सदस्यांनी तयार करावी. अकराव्या महिन्यात निधीच्या खात्यावर दोन प्रौढ सदस्यांच्या सह्या जोडाव्यात, कपाटाची किल्ली आणि नोंदींच्या वह्या गटाकडे द्याव्यात, आणि लेखी शब्द दिलेल्या स्थानिक नेत्यांशी पत्रव्यवहार गटाच्या नावाने सुरू करावा. बाराव्या महिन्यातील एका बैठकीला कार्यकर्त्याने मुद्दाम जाऊ नये. अल्पवयीन सदस्य असतील तर पालकांपैकी दोघे तेथे थांबतील एवढीच व्यवस्था करावी. दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताची वही मागवून पाहावी. उपस्थिती थोडी कमी असेल, एखादा विषय अर्धवट राहिला असेल, अक्षर वाचता येत नसेल. शेवटच्या ओळीत पुढच्या बैठकीची तारीख आणि ती बोलावणाऱ्याचे नाव असेल, तर दुसऱ्या वर्षाचे अंदाजपत्रक गटासोबत बसून करायला घ्यावे. ते नसेल तर पाचव्या पायरीचा कागद पुन्हा बाहेर काढावा आणि लिहून दिलेले कोणते निर्णय प्रत्यक्षात आपणच घेत राहिलो, हे वर्षभराच्या इतिवृत्ताशी ताडून पाहावे.